ताई, मी कच्च्या मनाची आहे का?

या वेळी बहुतेक पत्रं कॉलेजच्या पोरापोरींचीच आलीत, सांगली, मिरज, सातारा, कराड, जत, निकाल लागून पंधरा दिवस झालेत त्यामुळं असेल. नावं छापत नाही, ओळख पटेल असा तपशीलही बदललाय. काही पत्रं चार चार पानांची होती ती छापताना कापावी लागली, पण वाचलीत मी सगळी, शेवटपर्यंत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी जत तालुक्यातल्या एका खेड्यातनं सांगलीला बीएस्सीला आलेय, दुसरं वर्ष, हॉस्टेलवर राहते. बारावीपर्यंत पहिल्या तिनात असायचे, आता तिसऱ्या सेमला दोन विषय राहिले. घरी एकच सांगितलाय. रात्री दोन अडीचपर्यंत झोप लागत नाही, मोबाईल बघत पडते, मग सकाळचं लेक्चर बुडतं आणि बुडलं म्हणून रडू येतं. पप्पा फोनवर म्हणतात खंबीर राहा, आम्ही दुष्काळात काय दिवस काढलेत तुला काय माहीत. कॉलेजमध्ये पण एका सरांचं लेक्चर झालं, रिझिलियन्स वाढवा, बॉल कसा आपटला की उसळतो तसं व्हा. मला नाही उसळता येत. मी कच्च्या मनाची आहे का?

उत्तर : नाहीस. हे आधी वाच, मग पुढचं.

पप्पांचं मनावर घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, कारण ते खरंच सांगतायत, त्यांनी दिवस काढलेत. पण त्यांना एकदा नीट विचार, कसे काढले. २०१२-१३ च्या दुष्काळात जत आटपाडीकडं चारा छावण्या लागल्या होत्या, माणसं जनावरांबरोबर तिथंच मुक्कामाला होती, एकाची भाकरी दुसऱ्याच्या पोराला जायची, रात्री गप्पा व्हायच्या, शिव्या देऊन व्हायच्या, रडून व्हायचं. म्हणजे दिवस वाईट होते पण काढायला चार माणसं होती. तू हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता एकटी मोबाईल धरून पडलेली असतेस आणि अर्धी गोष्ट घरापासनं लपवलेली आहे, ही परिस्थिती त्यांच्यावर आलीच नव्हती गं. त्यामुळं त्यांची आणि तुझी तुलना करून स्वतःला नापास करू नकोस.

हे मी नुसतं धीर द्यायला बोलत नाहीये. हवाई बेटांमध्ये कवाई नावाचं एक बेट आहे, तिथं १९५५ साली जन्मलेल्या जवळजवळ सातशे बाळांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती चाळिशीला येईपर्यंत मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबी, दारू, आजारपण, भांडणं अशा घरात वाढलेली, पण त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश पोरं चांगली उभी राहिली. आणि त्यांच्याकडं काय होतं बघितलं तर बऱ्याच गोष्टी निघाल्या, पण एक गोष्ट सारखी सारखी दिसली ती म्हणजे आपलं म्हणणारं एक तरी मोठं माणूस. आईबापच पाहिजे असं नाही, आजी, मावशी, शेजारीण, शाळेतल्या बाई, कुणीही.

बॉलचं उदाहरण मला स्वतःला पटत नाही. माणूस आपटला की त्याला लागतं. आपल्याकडं 'सावरणं' हा फार चांगला शब्द आहे. सायकलवर तोल गेला की आपण पाय टेकतो ना, ते सावरणं. पाय टेकला म्हणून कुणी म्हणत नाही की हिला सायकल येत नाही. तू सध्या सोसतेयस, पाय टेकत नाहीयेस, एवढाच माझा तुझ्याबद्दलचा आक्षेप आहे.

आता काय करायचं ते. लॅझरस आणि फोकमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड द्यायच्या दोन वाटा मांडल्या, अजून शिकवल्या जातात. माझ्या भाषेत सांगते, काही त्रास निस्तरायचा असतो आणि काही झेलायचा असतो. राहिलेले दोन विषय हा निस्तरायचा त्रास, त्याला फॉर्मची तारीख, जुने पेपर, सिनियरच्या नोट्स आणि रोजचा दीड तास लागतो, रडून तो हलत नाही. आणि 'मी पहिल्या तिनात असायचे, आता नाही' हे दुःख झेलायचं आहे, त्यावर अभ्यासाचं टाईमटेबल चालत नाही, ते कुणाला तरी बोलून, लिहून, थोडे दिवस जाऊ देऊनच हलकं होतं. तुझं नेमकं उलटं चाललंय बघ, विषयांसाठी रडतेस आणि दुःख मोबाईलखाली दाबतेस.

झोपेचं म्हणशील तर या वयात शरीराचं घड्याळ तसंही थोडं उशिरा धावतं, त्यामुळं दहाला आडवी हो असं मी सांगत नाही. उठायची वेळ पक्की कर, साडेसहा तर साडेसहा, रविवारी पण तीच, रात्री कितीला झोपलीस तरी. उठलं की अर्ध्या तासात उजेडात ये, आमराईत एक चक्कर मार नाहीतर हॉस्टेलच्या गच्चीवर जा. मोबाईल चार्जिंगला पलंगापासनं लांब लाव. पहिले चार पाच दिवस जड जातील, दुपारी डोळे मिटतील तरी दुपारचं झोपू नकोस. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, तू साडेचारवर चालवतेयस, त्यात रडू येणारच.

आणि घरी सांग. या आठवड्यातच. "पप्पा, दोन विषय राहिलेत, एकच सांगितला होता, भीती वाटली म्हणून. परीक्षा परत कधी आहे बघितलंय, अभ्यास चालू केलाय." चार वाक्यं आहेत, कागदावर लिहून वाचून दाखवलीस तरी चालेल. मी स्वतः पहिल्या वर्षाला एका विषयात राहिले होते आणि मार्कशीट चार महिने गादीखाली ठेवली होती, विषय पुढच्या वेळेला सुटला पण त्या चार महिन्यांत मी घरी गेले की आईच्या नजरेला नजर देत नव्हते, ते अजून आठवतं.

एक मात्र लक्षात ठेव, दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, जेवण तुटलंय, वाचलेलं डोक्यात शिरत नाही असं असेल, तर मग हे निकालाचं दुःख नाही राहिलं, डॉक्टरला दाखवायचं. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, सांगलीवरनं शहर बसनं जाता येतं.

प्रश्न : इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष, सांगली. व्हायव्हाच्या म्हणजे तोंडी परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं, बोटांना मुंग्या येतात, वाटतं आता चक्कर येऊन पडणार. ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नको. मागची व्हायव्हा न देता परत आलो.

उत्तर : 'टेन्शन घेऊ नको' यानं कुणाचंच टेन्शन गेलेलं नाही, त्यामुळं कसं होतं ते सांगते. शरीराला वाटतं समोर वाघ आहे, अ‍ॅड्रेनालिन सुटतं, श्वास भरभर होतो. भरभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यानंच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तुला वाटतं हार्टचं आहे, मग अजून घाबरतोस, अजून भरभर श्वास, असं ते चक्र आहे. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते, काही केलं नाहीस तरी. तू करायचं एवढंच की श्वास आत घेताना चार मोजायचे आणि सोडताना सहा ते आठ, म्हणजे सोडणं लांब. पण हे रोज घरी पाच मिनिटं करून ठेव, थेट व्हायव्हाच्या दारात पहिल्यांदा करशील तर जमणार नाही. त्या दिवशी कँटीनचा तिसरा चहा नको.

परत येऊ नकोस मात्र. परत आलास की मेंदूची खात्री पटते की वाघ खरा होता. मित्रांना समोर बसवून खोटी व्हायव्हा घ्यायला लाव, चार पाच वेळा, त्यातल्या एकाला मुद्दाम खडूस व्हायला सांग. तरी होत राहिलं तर मानसशास्त्रज्ञाकडं सीबीटी नावाची बोलून करायची उपचारपद्धत असते, या त्रासाला ती चांगली लागू पडते. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन एकदा बघून घे.

प्रश्न : ताई मी एमपीएससी करतो, दोघं रूमवर राहतो. पार्टनरचा प्रिलिमला तिसऱ्यांदा कट ऑफ हुकला. हल्ली रात्री म्हणतो नकोच वाटतं सगळं, मी नसलेलंच बरं. पुस्तकं ज्युनियरला देऊन टाकली. कुणाला सांगायचं नाही अशी त्यानं माझ्याकडनं शपथ घेतलीय. मी विषय काढला आणि त्याच्या डोक्यात अजून भरलं तर?

उत्तर : तुझ्या पत्रावर फोन नंबर होता म्हणून तुला मी पत्र मिळाल्याच दिवशी फोन केला होता, आपलं बोलणं झालंय. इथं छापतेय ते बाकीच्यांसाठी, कारण प्रत्येक अभ्यासिकेत असा एखादा मित्र असतो आणि त्याच्या शेजारी असाच एखादा घाबरलेला पार्टनर.

विचारल्यानं डोक्यात भरत नाही. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्यानं तो विचार वाढतो असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही, उलट माणसाला वाटतं सुटलो, कुणीतरी शब्द उच्चारला. त्यामुळं आडून आडून नको, शेजारी बसून सरळ, "जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?" हो म्हणाला तर ओरडू नको, आईबापाचा विचार कर असं पण लगेच म्हणू नको, तो विचार करून करूनच इथंवर आलेला असतो. ऐक. किती दिवस येतोय, काही ठरवलंय का, हे विचार. वस्तू वाटून टाकणं, अचानक सगळ्यांना भेटून घेणं ही साधी लक्षणं नाहीत. अशा वेळी एकटं सोडायचं नाही, रात्रीचं तर नाहीच, धोक्याचं काही हाताशी असेल तर ते खोलीतनं हलवायचं आणि घरच्यांना कळवायचं.

शपथ मोडायची. मित्र चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही, चिडू दे.

१४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला चालू केलेली मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि मित्राच्या वतीनं तुम्ही पण फोन करू शकता. प्रसंग हातघाईवर आला तर ११२, नाहीतर थेट जवळचं सरकारी हॉस्पिटल. पोलीस केस होईल या भीतीनं घरची माणसं लपवतात, म्हणून हे पण सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असं पाऊल उचललेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो आणि त्याच्यावर उपचाराची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि तू. तुझी पण झोप उडालीय हे पत्रातनं दिसतं. रात्रीची पाळी एकट्यानं करू नको, तिसरा मित्र घे, त्याच्या भावाला बोलवून घे. तू त्याचा मित्र आहेस, दवाखाना नाहीस.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही साताऱ्याचे. मुलगा कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दिवाळीला घरी आला तो परत जाईना. खोलीतनं बाहेर येत नाही, दाढी नाही, दोन दोन दिवस अंघोळ नाही. हे म्हणतात आळशी झालाय. जाऊबाई म्हणतात बाहेरचं बघा. मला वाटतं डॉक्टरला दाखवावं पण गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात, आणि पुढं लग्नाच्या वेळेला कुणी चौकशी केली तर?

उत्तर : ताई, तुम्हाला जे वाटतंय तेच बरोबर आहे, दाखवा. आळशी माणूस मजेत असतो हो, तुमचा मुलगा मजेत आहे का? तुम्ही लिहिलंय की मोबाईलवरची गेम पण बंद केली त्यानं, मला सगळ्यात जास्त ते खटकलं.

देवाला जायचं असेल तर जावा, नवस बोला, मी अडवणार नाही, फक्त डॉक्टरची तारीख त्यासाठी पुढं ढकलू नका, आणि अंगारे धुपारे करणाऱ्याकडं पोराला ओढून नेऊ नका. तिथं त्याला मार नाहीतर अपमान मिळाला तर तुमच्यावरचा विश्वास पण जाईल आणि सध्या त्याच्याकडं तेवढंच आहे.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्यातलं पुढचं शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहितो. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो, गोळ्या लिहीत नाही. बऱ्याचदा दोन्ही लागतं. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी सहा, आणि नेमकं याच वेळात लोक म्हणतात काही फरक नाही आणि बंद करतात. झोपेच्या गोळ्यांची लागते तशी सवय या गोळ्यांची लागत नाही, पण मनानं एकदम बंद केल्या तर गरगरणं, चिडचिड, मळमळ असलं होऊ शकतं, त्यामुळं त्या कमी करायच्या त्या पण डॉक्टरला विचारून हळूहळू. सुरुवातीच्या आठवड्यांत या वयाच्या मुलांवर जरा जास्त लक्ष ठेवायला लागतं, बेचैनी वाढली, नको ते बोलायला लागला तर लगेच कळवायचं. थायरॉईड, बी१२ तपासायला सांगतील, करून घ्या.

साताऱ्यात सिव्हिल हॉस्पिटलला जावा, मानसोपचारासाठी कुठली ओपीडी ते केस पेपर काढताना विचारा. आणि लग्नाची काळजी म्हणता तर त्याच २०१७ च्या कायद्यात आहे की उपचाराची माहिती गुप्त राहिली पाहिजे, डॉक्टर किंवा हॉस्पिटल कुणाही पाहुण्यारावळ्याला ती देऊ शकत नाही. पण माझं मन म्हणतं की आज एकोणीस वर्षांच्या पोराच्या लग्नाचा विचार जरा बाजूला ठेवूया. आधी त्याला अंघोळीला उठावंसं वाटू दे.

घरात काय करायचं? समोर बसून 'काय झालंय सांग' असं करू नका, शेजारी बसा. जमलं तर पहाटे त्याला अजिंक्यताऱ्यावर घेऊन जावा, निम्म्यापर्यंतच, बोलायची सक्ती नको, नुसतं चालायचं. पहिल्या दिवशी दारापर्यंतच आला तरी त्याला आलाय असंच धरा. वडिलांना हे पान वाचायला द्या, आळशी हा शब्द त्याच्या कानावर पडतोय तोवर तो दार उघडणार नाही.

कॉलेजचं वर्ष गेलं तर जाऊ दे, डॉक्टरचं पत्र घेऊन रजेचं काय होतं ते विचारा. आणि तिथं समुपदेशक आहे का ते पण विचारा, कारण २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक पाहिजे, आणि हॉस्टेलमध्ये, वर्गात हेल्पलाईनचे नंबर मोठ्या अक्षरात लावले पाहिजेत. तुमच्या साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटलांनी पोरांसाठी बोर्डिंग चालवलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, म्हणजे घरापासनं लांब राहणाऱ्या पोराच्या ताटाकडं आणि तोंडाकडं बघणारं कुणीतरी लागतं हे या जिल्ह्याला शंभर वर्षांपासनं माहीत आहे. आता हॉस्टेलं मोठी झालीत, त्यात ते बघणारं माणूस कुठं राहिलंय हे पालकांनी विचारायला पाहिजे, ॲडमिशनच्या वेळीच.

प्रश्न : ताई मी सांगलीतच राहते, नदीकडच्या भागात, एसवायला आहे. २०१९ च्या पुरात मी सातवीत होते, आम्हाला बोटीतनं काढलं होतं, आजीची शिवणाची मशीन आणि माझी सगळी पुस्तकं गेली. २०२१ ला परत. आता जुलै लागला की माझं काही खरं नसतं. व्हॉट्सॲपवर कृष्णेची आयर्विन पुलापाशी पातळी येते ती मी दिवसातनं तीस चाळीस वेळा बघते, रात्री पण उठून बघते, पावसाचा आवाज वाढला की पोटात कालवतं. अभ्यास शून्य. घरची म्हणतात आता काय झालंय, पाणी तर आलं नाही ना. मैत्रिणी पण हसतात.

उत्तर : हसणाऱ्या मैत्रिणी विश्रामबागेकडच्या असतील, त्यांचा दोष नाही, त्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि धोक्याची पातळी ४५ आहे, ज्यांनी ते घरातनं बघितलंय त्यांना हा नुसता आकडा वाटत नाही. तुझ्या बाबतीत वेडेपणाचं काही नाही. आपल्याकडं वर्षश्राद्ध का असतं? कारण माणूस गेल्याची तिथी जवळ आली की घरातली सगळी नकळत हळवी होतात, हे जुन्या लोकांना माहीत होतं. तसंच पुराचं आहे, शरीर महिना ओळखतं, आवाज ओळखतं, वास ओळखतं. तू बारा तेरा वर्षांची होतीस तेव्हा, आणि घर म्हणजे पक्कं असतं ही समजूत त्या आठवड्यात गेली.

तीस चाळीस वेळा पातळी बघणं मात्र तुला फसवतंय. बघितलं की पाच मिनिटं बरं वाटतं, मग भीती परत येते आणि आता तिला परत आकडा पाहिजे असतो. म्हणून वेळा ठरव, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात. ग्रुपवरचे फॉरवर्ड नकोत, त्यात मागच्या वर्षीचे व्हिडिओ पण फिरतात, पाटबंधारे विभागाची आणि महापालिकेची माहिती बघायची. पाणी इशारा पातळीला म्हणजे ४० फुटांकडं यायला लागलं, कोयनेचा विसर्ग वाढवला, तर मग वेळा वाढवायच्या, तेव्हा ते कामाचं असतं. मधल्या वेळेला बघावंसं वाटलं की दहा मिनिटं थांब, आकडा न बघता दुसरं काही हातानं करायचं, भांडी, इस्त्री, वही. सुरुवातीला जीव खालीवर होईल, आणि तो खाली पण येतो हे तुला त्या दहा मिनिटांतच कळेल.

बाकीची भीती तयारीत घाल, कारण तुझी भीती खोटी नाहीये, नदी आहेच तिथं. जूनमध्येच घरच्यांबरोबर बसून ठरव, पाणी कितीला गेलं की निघायचं, कुणाच्या घरी जायचं, आजीला कोण धरणार. कागदपत्रं, मार्कशीटा प्लॅस्टिकच्या पिशवीत, आजीची औषधं पंधरा दिवसांची, चार्जर, बॅटरी. पुस्तकं वरच्या फळीवर. आणि वर्गशिक्षकांना पाऊस चालू व्हायच्या आधी सांगून ठेव की ऑगस्टमध्ये मला त्रास होतो, ऐनवेळी सांगितलं की कारण वाटतं, आधी सांगितलं की माहिती असते.

एक अजून. पुराची स्वप्नं पडतात का, जागेपणी अचानक बोट, पाणी डोळ्यापुढं येतं का, नदीकडच्या रस्त्यानं जायचं तू वर्षभर टाळतेस का? असं असेल तर नुसत्या तयारीनं भागणार नाही, आघातावर काम करणारा मानसशास्त्रज्ञ गाठ, मिरजेला विचार, १४४१६ वर विचार. सात वर्षं झाली असं म्हणून आता उशीर झाला समजू नकोस.

आजीशी बोललीस का कधी त्या मशीनबद्दल? पत्रात तू मशीनचा उल्लेख तीनदा केलायस आणि आजी काय म्हणाली ते एकदाही नाही. मला वाटतं घरात त्या दिवसांबद्दल कुणीच बोललेलं नाही, सगळे चिखल काढायला लागले आणि मग दिवाळी आली. एखाद्या रविवारी दुपारी तिच्याजवळ बस आणि विचार, आजी, तू तेव्हा बोटीत काय विचार करत होतीस. आणि मग मला लिही ती काय म्हणाली.